नम्रतानं ठोकलेल्या खुंट्या

सगुणा मोकल रोह्याहून रोज एसटीनं पेणला यायची आणि तिथून टमटममध्ये दाटीवाटीनं बसून खाडीकडच्या शाळेत. नवरा महिपती धाटावच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होता, शिफ्टची नोकरी. त्यामुळे बिऱ्हाड रोह्यात आणि शाळा पेणकडे, अशी तिची रोजची ओढाताण चालायची. पण तक्रार करणारी बाई नव्हती ती. तिची खरी तक्रार एकच होती. पोरांना इंग्रजी शब्द लक्षात राहत नव्हते.

शाळेत बहुतेक मुलं मिठागरवाल्यांची आणि भातशेतीवाल्यांची. शेजारून हमरापूरकडचीही काही यायची, ज्यांच्या घरी गणपती घडवायचे. हुशारीत कुणी कमी नव्हतं. पण इंग्रजीचा तास आला की सगळ्यांचे खांदे पडायचे. वीस-वीस वेळा लिहून आणलेला शब्द दुसऱ्या दिवशी विचारावा, तर वर्ग छताकडे बघायचा. मुख्याध्यापक हैबतराव म्हणायचे, "बाई, आमच्या पोरांची इंग्रजी म्हणजे चाळणीतलं पाणी. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

सगुणानं लावून घेतलं. ती स्वतः घोकून घोकूनच इंग्रजी शिकली होती, आणि त्यातलं निम्मं परीक्षेबरोबर वाहून गेलं होतं. नववीचा वर्ग हाती आला तेव्हा एक दिवस तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "नवा शब्द अधांतरी राहत नाही. त्याला खुंटी लागते. आपल्या घरातली, आपल्या गावातली. जो शब्द ऐकून आपलं जे आठवेल, त्याच्यावर तो टांगायचा. चला, रायव्हल. म्हणजे प्रतिस्पर्धी. काय आठवतं?"

कुणाला काही आठवेना. मग तिसऱ्या बाकावरून नम्रता ठाकूर उठली. मिठागरावर काम करणाऱ्या जनूची पोर. उन्हानं रापलेली, दोन घट्ट वेण्या, आणि बोलताना हात हलवायची सवय.

"बाई, रायवळ."

"म्हणजे?"

"रायवळ आंबा. त्याचं आनि हापूसचं जमतंय कुठं? बाजारात हापूस आला की रायवळचं तोंड कडू. रायव्हल म्हंजे रायवळ."

वर्ग हसला. सगुणाही हसली, आणि हसता हसता तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा चाळीसच्या चाळीस पोरांनी सांगितलं, रायव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी. चाळणीत पाणी राहिलं होतं.

तिथून पुढं खुंट्या ठोकण्याचं वेडच लागलं. पोरं वाटेत, विहिरीवर, टमटममध्ये शब्दांना खुंट्या शोधायची. पण नम्रताची सर कुणाला नव्हती. बॉरो म्हणजे उसनं घेणं, तर तिची खुंटी, "शेजारीन वाटी घेऊन आली की माझी आई काय म्हनते? बरं हो! झालं की बॉरो." बिनीथ म्हणजे खाली, "बी नीट पेर, मातीखाली." फ्रॅजाइल म्हणजे पटकन मोडणारं. यावर तिनं जरा विचार केला, मग डोळे मोठे करून, हातात डबा धरल्यासारखं करून ओरडली, "अगो, पाडशील! फराळ जाईल!" त्या तासाला निकेश नावाचा पोरगा बाकावरून हसत खाली पडला होता.

दिवाळीनंतर महिपतीच्या कंपनीत नवे कॉम्प्युटर आले. जुन्यांतला एक, हिरव्या अक्षरांचा, साहेबांच्या हातापाया पडून महिपतीनं शाळेला मिळवून दिला. पोत्यात गुंडाळून, एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन तो पेणपर्यंत आला. महिपतीनं रोह्याच्या क्लासात जाऊन थोडं प्रोग्रामिंग शिकून घेतलं होतं. बायकोच्या हट्टापायी त्यानं एक खेळ लिहिला. पडद्याच्या वरून मराठी शब्द खाली घसरायचा. मराठी अक्षरं त्या मशीनला येत नव्हती, म्हणून तोही इंग्रजी लिपीतच. तो तळाच्या रेघेला टेकायच्या आत त्याचा इंग्रजी शब्द टाइप करायचा. तळाच्या रेघेला पोरांनी नाव दिलं खाडी. शब्द खाडीत पडला की मशीन घोगरं पीं करायचं आणि सगळा वर्ग ओरडायचा, "बुडाला, बुडाला!"

वीज असेल त्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरं घरी जायला तयार नसायची. दोघं-दोघं जोडीनं खेळायचे, एक शब्द सांगणार, एक बोटं चालवणार. नम्रता आणि तिची मैत्रीण पूजा ही जोडी सगळ्यांत पुढं. नम्रता सुरुवातीला एका बोटानं अक्षरं शोधायची. पावसाळा येईतो तिची दहाही बोटं चालायला लागली, तीही खाली न बघता.

दहावीच्या वर्षी अलिबागला जिल्ह्याची शब्दस्पर्धा जाहीर झाली. सगुणानं नम्रताचं नाव दिलं. तेव्हाच अलिबागच्याच शिक्षकांच्या शिबिरात या पद्धतीवर बोलायचं तिला बोलावणं आलं होतं. तिनं महिपतीला सांगितलं, "मी नुसती बोलणार नाही. नम्रताला शेजारी उभी करणार. कुणीही कुठलाही शब्द टाकावा, ती जागच्या जागी खुंटी ठोकून दाखवील."

महिपती जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "पोरगी आहे ती, सगुणा. सर्कस नव्हे." तिला राग आला होता. मग तो बोलला ते खरंही वाटलं होतं, आणि तरीही तिनं बेत सोडला नव्हता.

मार्गशीर्षात नम्रताला ताप आला. साधा ताप समजून दोन दिवस घरचं औषध केलं. तिसऱ्या दिवशी ती आईला ओळखीना, भलतंच बोलायला लागली आणि तिला झटके आले. पेणच्या डॉक्टरांनी बघताक्षणी मुंबईला न्यायला सांगितलं. मोठ्या इस्पितळात ती किती तरी आठवडे होती. सगुणा एका रविवारी जाऊन आली, तेव्हा पोरगी नळ्यांमध्ये निजलेली होती आणि जनू जिन्याच्या पायरीवर नुसता बसून होता. "जगंल म्हनतान," एवढंच तो बोलला.

ती जगली. संक्रांतीनंतर घरी आणली असं कळलं, तेव्हा सगुणा पूजाला घेऊन धावतच गेली. नम्रता ओट्यावर बसून वाल सोलत होती. वेण्या कापल्या होत्या, चेहरा उतरला होता, पण डोळे तेच. सगुणाच्या जिवात जीव आला.

"नम्रता, कशी आहेस गं?"

नम्रतानं वर बघितलं, सभ्यपणे हसली आणि आत वळून हाक मारली, "आये, कोन तरी आलंय गो."

पूजानं तिचा हात धरला. नम्रतानं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. तिची आई ठमाबाई बाहेर आली, पदरानं हात पुसत. तिनं सगुणाला मागच्या दारी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज आली होती. जिथं आठवणी ऱ्हातात, नेमकं तिथं. लहानपणीचं सगळं ठाव हाय तिला. आज्याची होडी, मिठागरावरची झोपडी, सगळं. पण गेली दोन-अडीच वर्षं पुसून गेली. "आनि नवीन काय सांगितलं तर घटकाभर ऱ्हातं, मंग जातं. सकाळी जेवली का इचारलं, तर इचार करीत बसते."

गेली अडीच वर्षं. म्हणजे आठवी, नववी, दहावी. म्हणजे पूजा, कॉम्प्युटर, खुंट्या. म्हणजे सगुणा. पूजाला घरी सोडून ती परतीच्या गाडीत बसली; नागोठणं आलं तरी पूजाच्या घरी आपण काय सांगितलं, पोरीची समजूत कशी घातली, हे तिचं तिलाच आठवत नव्हतं.

पण सगुणा हातपाय गाळणारी नव्हती. तिनं ठरवलं, जी पद्धत चाळीस पोरांना चालली ती या पोरीला का चालू नये? ती दर शनिवारी अर्धी शाळा करून ठाकुरांकडे जायला लागली. पहिल्यांदा स्वतःचं नाव शिकवलं. "मी सगुणा. सगुणा म्हटलं की काय आठवतं?"

"सगळं गुनाचं," नम्रता पटकन म्हणाली. डोक्याची धार तशीच होती. सगुणाला हुरूप आला. चहा होईपर्यंत नम्रता तिला सगुणाबाई म्हणत होती. पुढच्या शनिवारी तिनं ओट्यावरून वर बघितलं, सभ्यपणे हसली आणि आत वळून हाक मारली, "आये, कोन तरी आलंय गो."

एकदा पूजा आणि निकेशही बरोबर आले. पोरांनी मनात ठरवलंच होतं, आपण सगळ्या खुंट्या तिला परत द्यायच्या. अंगणात गोल करून बसले. पूजा एकेक शब्द घेत गेली. रायवळ ऐकून नम्रता हसली. बरं हो ऐकून तिनं आईकडे बघितलं आणि पुन्हा हसली. मग निकेश उठला, हातात डबा धरल्यासारखं केलं, डोळे मोठे केले आणि ओरडला, "अगो, पाडशील! फराळ जाईल!"

नम्रता इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांनी ते अंगण तसं हसू ऐकत होतं. हसणं ओसरल्यावर ती पूजाला कोपरानं ढोसून म्हणाली, "लय भारी हाय गो. कोनी काढलं ह्ये?"

निकेशचे हात अजून हवेत डबा धरल्यासारखेच होते. पूजानं खाली बघत सांगितलं, "तू काढलंस."

"मी?" नम्रतानं सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं. पोरं चेष्टा करतात की काय, ते ती शोधत होती. मग तिला कळलं की चेष्टा नव्हती. तिचा चेहरा जसा हळूहळू मिटला, ते सगुणाला बघवेना. "मना इंग्लिश कुठं येतंय," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

तरीही सगुणानं अजून एक प्रयत्न केला. ठमाबाईंची परवानगी काढून ती नम्रताला शाळेत घेऊन गेली, कॉम्प्युटरसमोर बसवली. नम्रता बिचकली. "ह्यो टीव्ही हाय काय?" तिनं विचारलं. असलं काही आपण कधी बघितलं नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. सगुणानं खेळ सुरू केला. वरून हिरवा शब्द घसरायला लागला, आणि नम्रताचे दोन्ही हात आपसूक उठून कीबोर्डवर बसले. दहा बोटं, दहा जागी. तिनं खाली बघितलंसुद्धा नाही. बोटं धावत होती, खाडखाड, पूर्वीसारखी. पडद्यावर उमटत होती ती मात्र नुसती अक्षरं. त्यांना काही अर्थ नव्हता. एकामागून एक शब्द खाडीत पडत होते आणि मशीन घोगरं पीं करत होतं.

नम्रता थांबली. आपल्याच हातांकडे भ्यालेल्या नजरेनं बघत म्हणाली, "बाई, ह्ये हात कोनाचं हायती?"

सगुणानं मशीन बंद केलं. तिला जवळ घेतलं. खाडीच्या बांधावरून घरी सोडायला चालत गेली तेव्हा नम्रता सावरली होती, वाटेतल्या बगळ्यांबद्दल बोलत होती. शाळा, मशीन, काहीच तिच्या ध्यानात नव्हतं. सगुणाला तेवढाच दिलासा वाटला. जे आठवत नाही त्याचा त्रास तरी नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ठमाबाई तिला वेशीवरच भेटली. टमटम थांबते तिथं, चिंचेखाली, बहुतेक वाट बघतच उभी होती.

"बाई, तुमाला एक सांगू? राग नका मानू."

"सांगा ना ताई."

"तुमी येऊ नका आता."

सगुणाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ठमाबाई तिच्याकडे न बघता बोलत राहिली. "तुमी लय केलंत. सख्खी मावशी करनार नाय येवढं केलंत. पन तुमी गेल्या की ती रडत बसते. सांजपर्यंत रडते. मी इचारतंय, काय झालं गो, कोन बोललं काय? ती म्हनते, मना ठाव नाय. आनि खरंच तिला ठाव नसतं. तुमी आल्याचं बी आठवत नसतं. काय झालं त्ये निघून जातं बाई, पन रडू ऱ्हातं."

सगुणानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"बाकीच्या दिवशी बरी आसते," ठमाबाई म्हणाली. "वाल सोलते, भांडी घासते, शेजारच्या पोरांशी खेळते. आपलं काय गेलंय, त्ये तिला म्हाईत नसतं. तुमी आल्या की नुसतं त्येच म्हाईत होतं." मग एकदम तिचा आवाज फुटला. "माझी पोर शिकनार होती, त्ये मना बी आठवतंय हो बाई. तुमच्या एकटीच्या मनात नाय त्ये."

ती टमटम अजून वळत होती. सगुणा त्याच टमटमनं परत गेली. रोह्याला घरी पोचली तेव्हा महिपती सकाळची शिफ्ट करून आला होता. तिनं त्याला सांगितलं. सांगता सांगता म्हणाली, "मी तिच्यासाठी जात होते असंच मला वाटत होतं हो."

"तिच्यासाठीच जात होतीस."

"नाही. मला ती परत पाहिजे होती. माझी नम्रता. अलिबागला उभी करायची होती ती." महिपतीनं चहा ठेवला. सर्कस नव्हे असं आपण कधी तरी बोललो होतो हे त्याला आठवत असणार, पण त्यानं ते काढलं नाही.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा इंग्रजीत वर्गातलं एकच पोर नापास दाखवलं होतं, ते म्हणजे आजारपणामुळं परीक्षेलाच न बसलेली नम्रता. शाळेच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. हैबतरावांनी पेढे वाटले. शिबिराला सगुणा गेलीच नाही, प्रकृतीचं कारण कळवलं. पूजा पेढा हातात धरून व्हरांड्यात उभी होती. ती म्हणाली, "बाई, पेपरात फ्रॅजाइल आला होता. मला येत होता. पण मी लिहिला नाही."

"का गं?"

"तो नम्रताचा होता."

पुढच्या वर्गांना तिनं खुंट्या शिकवल्या, पण नव्या. जुनी एकही तिनं कधी तोंडात आणली नाही. नव्या पोरांना नव्या आठवायच्या, त्याही बऱ्या असायच्या, हसू यायचं. मधल्या काळात निकेशकडून एवढं कळलं की नम्रता त्याच्या काकांच्या कारखान्यात हमरापूरला जाते, मूर्तींना रंग द्यायला. रोज तीच मूर्ती, तेच पितांबर, तोच हात. सांगून तिच्या लक्षात राहत नाही, पण हाताला बसलं की बसतं. "पितांबर तिच्याइतकं साफ कोन नाय मारीत," निकेश म्हणाला. "रोज सकाळी मात्र ती इचारते, मी हितं नवीन हाय ना?"

दोन हिवाळे गेले. एका शनिवारी सगुणा शाळेतून सुटून पेणच्या बाजारात शिरली. घरी पाहुणे येणार होते, पोहे घ्यायचे होते. दुकानदार दोन जातींचे पोहे तळव्यावर घेऊन दाखवत होता, तेवढ्यात बाजूनं आवाज आला.

"बाई, हितं पापड बरं कोनाकडं मिलतं हो?"

सगुणानं मान वळवली. नम्रता होती. अंगानं भरली होती, साडी नेसली होती, केस पुन्हा वाढून अंबाडा घातला होता. नखांच्या कडांना पिवळा रंग होता. बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला विचारावं तसं तिनं विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत होती. तिच्यामागं चार पावलांवर ठमाबाई थबकली होती. तिनं सगुणाला ओळखलं होतं. ती पुढंही येईना आणि पोरीला हाकही मारीना. नुसती बघत राहिली.

सगुणाच्या ओठांवर नाव आलं होतं. तिनं ते गिळलं.

"त्या पलीकडच्या गल्लीत जा," ती म्हणाली. "कोपऱ्यावरचं दुकान. उडदाचे चांगले असतात."

"तिखाट नाय ना? माझ्या आयेला तिखाट चालत नाय."

"नाही. सांगितलं तर साधे देतात."

"बरं," नम्रता म्हणाली आणि हसली. मोकळं, नीट हसू. मग आईचा हात धरून ती गल्लीकडे वळली. वळताना काही तरी सांगत होती, एक हात हलवत. ठमाबाईनं मागं वळून सगुणाकडे बघितलं, हात जोडल्यासारखे केले, आणि गर्दीत दोघी दिसेनाशा झाल्या.

"बाई, जाड देऊ का पातळ?" दुकानदारानं दुसऱ्यांदा विचारलं.

सगुणा पिशवी घेऊन स्टँडवर आली. रोह्याची गाडी लागलेली होती, जागाही होती. ती बाकावर बसून राहिली. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली आणि नागोठण्याच्या दिशेनं निघून गेली. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "तुमची नव्हती काय गो ती?"

"होती," सगुणा म्हणाली.